ऐंशीवर काढा, ताई

आधी हात लावायचा. तळहात नाही, हाताची मागची बाजू, पोराला ताप आहे का बघतात तशी. एकचाकीच्या काळ्या पोटाला असा हात लावून भाईजी क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "ताप हाय अजून. अर्धा घंटा थांबू." मग पोत्यावर बसून पेपर उघडायचे. मला आधी वाटायचं, या माणसाचं डोकं फिरलंय. प्लास्टिकला कधी ताप येतो का?

तुम्ही वाटूरला फाट्यावर उतरून गढीकडं चढून आला असाल, तर माझी गिरणी बघितली असेल. चढ संपतो तिथंच उजव्या हाताला, पुढं निळ्या पत्र्याचं शेड. नवरा वारला तेव्हापासून सतरा वर्षं मीच चालवते. माझं तोंड गिरणीपेक्षा जास्त चालतं असं गावात म्हणतात. म्हणू द्या. दिवसभर त्या आवाजात बसणाऱ्या बाईनं काय कुजबुजायचं?

भाईजी म्हणजे खाली बाजारातले कापडवाले. जैन मारवाडी. चार पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं घर, पण बोलणं माझ्यापेक्षा पक्कं इकडचं. माझ्या लग्नाची साडी त्यांच्याच दुकानातली. बायको गेली, दोन्ही पोरं पुण्याला स्थायिक झाली, दुकानातला माल संपला, तरी रोज सकाळी शटर वर करून गादीवर बसायचे. गिऱ्हाईक येत नव्हतं, माणसं यायची. वय अडुसष्ट. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी.

आता असा माणूस एकचाकीवर! पहिल्यांदा बघितलं तो दिवस मी विसरणार नाही. ज्वारी चाळत बसले होते. मान वर केली तर चढावरून भाईजी येतायत. पाय हलत नाहीत, सदरा फडफडतोय, हात छातीशी बांधलेले, अन् माणूस उभ्याचा उभा वर सरकतोय. "अगं बया!" म्हणून मी उठले, चाळणी सुटली, ज्वारी सगळी रस्त्यावर. शेजारी दळणाला आलेल्या म्हातारीनं तर सरळ हात जोडले. जवळ आल्यावर दिसलं, दोन पायांच्या मधे एक जाडजूड काळं चाक. एकच. हँडल नाही, सीट नाही, नुसत्या पाय ठेवायला दोन फळ्या.

"भाईजी, हे काय?"

"बॅटरीवरची एकचाकी. पुढं झुकलं की चालती, मागं झुकलं की थांबती. बस."

"अन् पडलात म्हणजे?"

"पडल्तो ना. तीन महिने शाळेच्या मैदानात पडतच होतो. सकाळी जल्दी जायचं, कोणी बघायच्या आत. आता न्हाई पडत."

माझं काळीज तेव्हापासून धडधडायला लागलं ते पुढं दोन वर्षं थांबलं नाही.

एकचाकी धाकट्या पोराची. हौसेनं घेतली, आठवड्यात तोंडावर आपटला, माळ्यावर टाकून दिली. भाईजींना चालू माल पडून राहिलेला बघवायचा नाही. पुण्याहून येताना घेऊन आले. धाकट्याकडून सगळं शिकून घेतलं, वहीत लिहून घेतलं, अन् ती वही पाठ केली. पोराला जे आठवड्यात जमलं नाही ते बापानं तीन महिन्यांत जमवलं.

पण माझ्याकडं येण्याचं कारण वेगळं होतं. एक दिवस शेडमधल्या सॉकेटकडं बोट दाखवून म्हणाले, "ताई, इथं हिला चार्जिंगला लावू देता का?"

"लावा की. पण घरी लाइट न्हाई का?"

"लाइट हाय. माणूस न्हाई. ही चार्ज होताना समोर जागा माणूस पाहिजे. आमच्या घरात माणूस मी एकलाच, अन् मला दुपारी डुलकी लागती."

हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं की मी हातातली चाळणी ठेवून त्यांना बसायला पोतं अंथरलं.

मग नियम सुरू झाले. गिरणीच्या खोलीत नाही, तिथं पीठ उडतं. बाहेर शेडमधे, सिमेंटच्या फरशीवर, पोत्यांपासून लांब. चालवून आल्या आल्या लावायची नाही, गार होऊ द्यायची. पावसातून आली तर आधी कोरडी पुसायची, पिन घुसते ते भोक तर दोनदा पुसायचं. दुसऱ्या कशाचा चार्जर बिलकुल लावायचा नाही. अन् शेवटचा नियम, "ऐंशीवर काढा, ताई."

या ऐंशीवरून आमची खूप वाजली. तुम्हीच सांगा, आपल्याकडं लाइटचा काय भरवसा? लाइट आली की मोटर, फोन, मिक्सर, सगळं एका दमात लावून घ्यायचं, ही आपली रीत. अन् हा माणूस लाइट आल्यावर दहा मिनिटं नुसता बसायचा. "आल्या आल्या झटका मारते लाइट. सावरू द्या तिला." मग लावायची, फोनमधे आकडा बघत बसायचं, अन् ऐंशी झाले की चांगली वाहती लाइट सोडून पिन ओढायची. माझा जीव वर-खाली व्हायचा. आमच्या दारातून कोणाचं भांडं आम्ही रिकामं परत देत नाही. भाईजींचा पापडाचा डबा आला तर जाताना त्यात शेंगदाण्याची चटणी जायची. अन् ही एकचाकी माझ्याच दारातून रोज अर्धपोटी जायची.

"भरू द्या की पूर्ण," मी म्हणायचे.

"पूर्ण भरून ठेवली तर बॅटरी लौकर म्हातारी होती. अन् आपल्याला उतार हाय."

"उताराचा काय संबंध?"

मग त्यांनी समजावलं. उतारावर ही स्वतःला आवरते. आवरताना जी वीज तयार होते ती परत बॅटरीत जाते. तिला आत जागा पाहिजे. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ती ओरडते, तरी थांबलं नाही तर स्वतःचा जीव वाचवायला बंद पडते. चाक बंद पडलं म्हणजे वरचा माणूस खाली.

मी खो खो हसले. "उतारानं बॅटरी भरते? मंग दिवसभर गढीवरून वर-खाली करा भाईजी, बिल वाचंल!"

तेही हसले. महिन्यातून एकदा मात्र ते स्वतः शंभर करायचे, आतले सगळे सेल बरोबरीला यावेत म्हणून. त्या दिवशी उतार पायी उतरायचे, एकचाकीच्या पोटातला ओढायचा दांडा बाहेर काढून तिला ओढत, अन् खाली फाट्यावर सपाटीला गेल्यावर चढायचे. मी ते कितीदा तरी बघितलं. मला वाटायचं, असेल काही त्यांचं सोवळं. असा राग येतो स्वतःचा आता, काय सांगू.

एकदा माझी कंबर धरली होती. सणाचं दळण, रांग लागलेली, सकाळपासून उभी. दुपारी घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली, खाली बसले. भाईजी पोत्यावरून उठले, लोकांना म्हणाले, "गिरणी एक घंटा बंद. पीठ कुठं पळून जात न्हाई." मग हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली, जशी एकचाकीला लावायचे तशी. "ताई, तुम्ही रोज शंभर करता. म्हणून संध्याकाळी वीसवर येता. ऐंशीवर काढत जावा स्वतःला." मी मान फिरवली. सतरा वर्षांत मला असं कोणी म्हणालं नव्हतं.

पोरांची एक अट होती. ती मला भाईजींनीच सांगितली. थोरला म्हणाला होता, "पप्पा, हौस करा. पण एकदा जरी पडलात, किंवा विसरायला लागलात, की सामान बांधायचं. पुण्याला यायचं. मग एक शब्द बोलायचा नाही." भाईजींनी कबूल केलं होतं.

"मंग जावा की पुण्याला," मी मुद्दाम म्हटलं. "अकराव्या मजल्यावर हवा मस्त असंल."

"हवा मस्त हाय. पण तिथं मला कोणी भाईजी म्हणत न्हाई. अंकल म्हणतात." पेपरची घडी घालून खिशात ठेवली. "मी इथंच मरणार, ताई. फक्त पडायचं न्हाई."

म्हणून एवढे नियम. त्या एकचाकीवर भाईजींचं सगळं गाव उभं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी जे केलं ते केलं.

भाद्रपदात त्यांचं पर्युषण असतं. आठ दिवस ते गाडीवर बसायचे नाहीत, एकचाकीवरही नाही. पायी त्यांच्या जैन स्थानकात प्रवचनाला जायचे, पायी यायचे, फोनही कपाटात. त्या आधी एकचाकी माझ्या शेडमधे आणून ठेवायचे. "अर्धी ठेवलीय. पडून राहायची असंल तर अर्धीच बरी." शेवटच्या दिवशी संवत्सरी, कडक उपास. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर फिरून दारोदार हात जोडायचे, "वर्षभरात बोलण्यात, वागण्यात काही चुकलं असंल तर माफ करा. मिच्छामि दुक्कडम्." जैनांच्याच घरी नाही, सगळ्यांच्या. आमच्या बौद्ध वस्तीत, मशिदीजवळ, फाट्यावरच्या चहावाल्याकडं. माझं दार सगळ्यात शेवटी, कारण परत चढून आल्यावर माझ्याकडं कोमट पाणी प्यायचे.

त्या वर्षी संवत्सरीच्या दुपारी ते स्थानकातून जाताना दिसले. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. शेडमधे बघितलं तर एकचाकी. मालक उपाशी अन् तीही अर्धी. उद्या सगळं गाव फिरायचंय. मनात आलं, निदान हिला तरी पोटभर पाठवावं.

आधी हाताची मागची बाजू लावली. गार होती. लाइट आल्यावर दहा मिनिटं थांबले. भोक पुसलं. चार्जर आधी भिंतीत लावला, मग तिला लावला. गिरणी बंद ठेवून समोर बसून राहिले. सगळे नियम पाळले हो मी, एक सोडून. चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणता! त्यांना सांगायचं नाही असं ठरवलं. दिवस संपेपर्यंत दमणार नाही, तेव्हा आपोआप कळेल.

सकाळी भाईजी आले. टोपीवर हेल्मेट चढवलं, ते कधी चुकवायचे नाहीत. एकचाकीला हात लावला. "गार हाय."

"फोन कुठंय?" मी विचारलं. आकडा फोनमधेच दिसायचा.

"घरी. आज माणसांना भेटायचंय. अर्धी हाय, अर्धीत गाव होतं बराबर." चढले. मागं वळून म्हणाले, "तुमचं आल्यावर, ताई. पाणी ठेवा."

मी पदर तोंडाला लावून हसत होते. देवा, हसत होते मी.

अर्ध्या उतारावर एकचाकीनं ओरडायला सुरुवात केली. टी टी टी टी. भाईजींनी मागं झुकून थांबवायला बघितलं, अन् थांबवायला गेलं की आणखी वीज आत जाणार, हे मला आता कळतं. आवाज एकदम बंद पडला. मला वाटलं झालं, थांबली. भाईजी हवेत होते. पांढरा सदरा एवढा मोठा दिसला, अन् मग खडीवर तो आवाज.

मी कशी पळाले ते आठवत नाही. पायात चप्पल नव्हती. चहावाला खालून पळत वर आला, मी वरून खाली. भाईजी कुशीवर पडलेले, एक पाय नको तिकडं वळलेला, डोळे उघडे. त्यांच्याही चेहऱ्यावर दुखण्याच्या आधी आश्चर्यच होतं. "अर्धी होती ना?" एवढंच म्हणाले.

मी पदरानं त्यांच्या तोंडावरची धूळ पुसत राहिले.

जालन्याला नेलं. खुब्याचं हाड, मनगट. संध्याकाळपर्यंत दोन्ही पोरं पुण्याहून पोचली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. रस्ताभर ठरवत होते, गेल्या गेल्या सांगायचं. भाऊ, मी लावली चार्जिंगला. तुमच्या वडिलांची काही चूक नाही.

दारात पोचले तेव्हा धाकटा बोलत होता. तो वाटूरला जाऊन एकचाकी चालू करून, फोन लावून बघून आला होता. "पप्पा, जवळजवळ शंभर आहे ती. शंभर करून तुम्ही उतारावर? तुम्हीच मला हे शिकवत होता ना फोनवर?"

भाईजींनी दाराकडं बघितलं. मी दिसले. माझं तोंड उघडं, हातात डबा. आमची नजर भिडली अन् मला कळलं की त्यांना कळलंय.

"विसरलो रे," ते म्हणाले. "उपासानं डोकं चालत नव्हतं. लावली अन् विसरलो. आजकाल होतंय तसं."

थोरल्यानं धाकट्याकडं बघितलं. पडणं अन् विसरणं, दोन्ही एकदमच झालं होतं. सामान बांधायचं ठरलं, माझ्या डोळ्यांसमोर. अन् मी, जिचं तोंड गिरणीपेक्षा जास्त चालतं, मी उंबऱ्यावर गप्प उभी.

"या ताई," भाईजी म्हणाले. प्लास्टर नसलेला हात त्यांनी कपाळाशी नेला, दुसरा जोडायला येत नव्हता. "तुमचं राह्यलं होतं. काही चुकलं असंल तर माफ करा. मिच्छामि दुक्कडम्."

मी डबा टेबलावर ठेवला अन् बाहेर येऊन जिन्यात बसले. असा माणूस असतो का? मला राग आला त्यांचा, खरं सांगते. ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुण्याला नेताना गाडी फाट्यावर दोन मिनिटं थांबली. सगळा बाजार जमला होता. काचेतून मला म्हणाले, "एकचाकी तुमच्याकडंच राहू द्या. अर्धी ठेवा. महिन्यातून एकदा बघा, खाली उतरली तर पन्नासवर आणा." धाकट्यानं माझ्या फोनमधे तो आकडा दिसायची सोय करून दिली. शटर त्या दिवसापासून बंद आहे.

पुढच्या साली संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी पट्टा उतरवून गिरणी बंद केली.

"ताई, वर्षभरात काही चुकलं असंल तर..."

"भाईजी, मी लावली होती," मी मधेच ओरडले. "पूर्ण भरली मीच. तुम्ही सांगितल्तं तरी. मीच पाडलं तुम्हाला."

पलीकडून तोच पोत्यावरचा आवाज. "माहीत हाय की. समोर जागा माणूस तुमच्याबिगर दुसरा कोण होता?"

"मंग पोरांना सांगितलं का न्हाई? तुम्ही इथं राहिला असता!"

"तुम्ही न्हाई राहिला असता, ताई. गावात तोंड कसं दाखवलं असतं? गिरणी कोणी चालवली असती?" मग एकचाकीचं विचारलं, "किती हाय आता?"

मी फोनमधे बघून सांगितलं, "बावन्न."

"बराबर," म्हणाले, अन् ठेवला.

या साली मी वाट बघितली. दुपार झाली तरी फोन नाही. मग मीच लावला. थोरल्यानं उचलला. "ताई, पप्पा फाल्गुनात गेले. तुम्हाला कळवायचं राहून गेलं. मिच्छामि दुक्कडम्."

मी शेडमधल्या एकचाकीकडं बघितलं.

तो बोलतच होता. "शेवटपर्यंत सगळं आठवत होतं हो त्यांना. वाटूरच्या एकेका घराचं नाव. डॉक्टरही म्हणाले, स्मरणशक्ती चांगली आहे. मला एकच कळत नाही, त्या दिवशीच कसे विसरले."

"ते विसरले नव्हते, भाऊ," मी म्हटलं. अन् सगळं सांगितलं. उपास, हिरवा दिवा, माझं हसणं, दवाखान्याचं दार. तो म्हणाला, "आम्ही त्यांना पुण्याला आणलं ते त्या विसरण्यामुळं," अन् फोन बंद झाला. त्याचा राग माझ्यावर आहे की स्वतःवर, मला माहीत नाही. असू दे. माझ्यावर असू दे.

दळण घेऊन दोघीजणी उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, एक तास गिरणी बंद. शेडमधे गेले. एकचाकीला हाताची मागची बाजू लावली. गार होती. आकडा बघितला, एक्केचाळीस. लाइट होती. भोक पुसलं, चार्जर आधी भिंतीत, मग तिला, अन् समोर पोत्यावर बसले. पन्नास झाल्यावर काढली.